कोपऱ्यातला किल्लेदार

पुण्याहून दौंडकडे निघालेल्या गाडीने यवत मागे टाकले, की केडगाव येण्याअगोदर खुटबावचे लहानसे स्थानक लागते. आणि रुळांच्या दोन्ही अंगांना पसरलेला उसाचा विस्तार, गुऱ्हाळांच्या चुलवणांतून उठणारा धूर व कालव्याच्या पाण्याने ओल धरलेली जमीन खिडकीतून न्याहाळणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानीमनीही नसते, की भीमेकाठचा हा मुलूख एके काळी भीमथडी या नावाने, आणि त्याच नावाच्या काटक, अल्पसंतुष्ट, दमदार तट्टांमुळे दूरदूरच्या प्रांतांत ओळखला जात असे. त्या तट्टांवर मांड टाकून मराठी स्वारांनी केलेल्या चढायांचे वर्णन आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. परंतु ज्या काळात स्वार चढाईवर गेलेला असे, त्याच काळात गडाचा दरवाजा राखीत, बुरुजांवरचे पहारे बदलीत, रात्री-अपरात्री स्वतः फिरून बंदोबस्त पाहणाऱ्या किल्लेदाराच्या वाट्याला शाहिरांचे शब्द फारच थोडे आले. कबड्डीच्या मैदानावर मला हाच पक्षपात पुन्हा पुन्हा दिसतो. तिथेही एक चढाई करणारा असतो आणि एक राखणारा असतो. टाळी पहिल्याला मिळते. हा लेख दुसऱ्याविषयी आहे.

ऊसतोडीच्या हंगामात, थंडी पडू लागली म्हणजे, खुटबाव, पारगाव, नानगाव या बाजूला आणि भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातही रात्रीच्या दिव्यांखाली कबड्डीचे सामने रंगतात. मैदानाभोवती बसलेल्या माणसांच्या नजरा चढाई करणाऱ्याच्या पावलांमागे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशा सरकत असतात. मी वाचकाला एकच विनंती करीन, की पुढच्या वेळी सामना पाहताना निदान पाच चढाया तरी त्याने चढाईपटूकडे पाहू नये. मैदानाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, गुडघे किंचित वाकवून, तळहात मांडीजवळ आणून, शेजाऱ्याच्या बोटांत बोटे गुंतवून उभा असलेल्या खेळाडूकडे पाहावे.

त्याचे राज्य किती लहान असते हे मापांवरून कळेल. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटरचे अंगण येते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा आखलेली असते. बोनस रेषेपासून मागच्या सीमेपर्यंत उरते ती जागा जेमतेम पावणेदोन मीटरांची. कोपरारक्षकाचे बहुतेक सगळे आयुष्य या पावणेदोन मीटरांत जाते. मागे एक पाऊल अधिक पडले तर तो स्वतःच बाद. पुढे एक पाऊल अधिक पडले तर चढाईपटूच्या हाताच्या टप्प्यात. समोरून आलेला माणूस ३० सेकंदांची मुदत घेऊन, 'कबड्डी कबड्डी' असा दम घुमवीत, खोटी पावले टाकीत, एखाद्या खांद्याचा नुसता भास निर्माण करीत त्याला फसवीत राहतो, आणि राखणाऱ्याला त्या ३० सेकंदांत फार तर एकदाच हालचाल करायची असते.

ती एकच वेळ ओळखणे म्हणजेच ही विद्या. समोर सहा किंवा सात राखणारे असताना चढाईपटू बोनस गुणासाठी मागे येतो, तेव्हा नियमाप्रमाणे त्याला एक पाऊल बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरे अधांतरी ठेवावे लागते. म्हणजे एका निमिषापुरता ऐंशी किलोंचा तो देह एकाच पायावर तोललेला असतो. कोपऱ्यातला किल्लेदार वाट पाहत असतो ती या निमिषाची. तो झेप घेतो ती छातीवर किंवा कमरेवर नसते. ती घोट्यावर असते. दोन्ही पंजे घोट्याभोवती आवळायचे, डोके चढाईपटूच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला काढून घ्यायचे आणि पाय स्वतःच्या पोटाकडे ओढून घ्यायचा, एवढी ही क्रिया सांगायला सोपी आहे. परंतु झेप पाव सेकंद अगोदर गेली तर पाय अजून जमिनीवरून उचललेला नसतो, आणि पाव सेकंद उशिरा गेली तर तो परत फिरलेला असतो. जुने शिक्षक मुलांना चढाईपटूच्या डोळ्यांकडे पाहू देत नसत, कंबरेकडे पाहायला सांगत. डोळे खोटे बोलतात, खांदे खोटे बोलतात, पण ज्या दिशेला देह खरोखर जाणार आहे ती दिशा कंबर लपवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे असे, आणि ते मला आजही बिनचूक वाटते.

कोपऱ्याच्या आतल्या अंगाला उभा असतो तो मध्यरक्षक, ज्याला आजचे खेळाडू सरसकट 'कव्हर' म्हणतात. त्याचे काम निराळे. चढाईपटू परतीच्या वाटेला लागला, की तो आडवा जाऊन वाट अडवतो, किंवा बाजूरेषेजवळ छाती-खांद्याने अशी धडक देतो की समोरचा मैदानाबाहेरच जाऊन पडतो. कोपऱ्याने घोटा धरला असताना धावून येऊन कंबर आवळणे हेही त्याच्याकडेच. इथे धोका असा, की पकडीला धावलेले तिघे-चौघे जण चढाईपटूला लागले आणि तरीही त्याचे एखादे बोट मध्यरेषेला टेकले, तर ते सगळेच्या सगळे बाद होतात. मदतीला जायचे की हात राखून उभे राहायचे, हा निर्णय घेण्यास विचाराला अवसरच नसतो; तो शेजाऱ्याविषयीच्या वर्षानुवर्षांच्या विश्वासातून आपोआप घडतो. साखळीत गुंतलेली ती बोटे मला म्हणूनच फार बोलकी वाटतात.

आपल्याकडे पूर्वी हुतूतूचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत सोबत्याने गुण मिळवला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येई, आणि आजची कबड्डी याच प्रकारावर उभी आहे. या नियमात राखणाऱ्याचे दैव दुसऱ्याच्या हाती जाते. चुकीची एक झेप घेऊन तो बाहेर बाकावर बसतो आणि स्वतःच्या चुकीची भरपाई स्वतः करू शकत नाही. कोणा सोबत्याने समोरचा गडी बाद करावा, तेव्हाच त्याला आत येता येते. उलट तीनच किंवा त्याहून कमी राखणारे उरले असता त्यांनी पकड केली, तर तिला 'अव्वल पकड' म्हणून एक गुण अधिक मिळतो. संकटात केलेल्या राखणीला अधिक मोबदला देणारा हा नियम ज्याने सुचवला त्याला खेळाचे मर्म कळले होते, असे मी मानतो.

आता थोडे दूरदेशी जाऊ. उत्तर अमेरिकेत बर्फावर खेळली जाणारी हॉकी आपल्या वाचकांना चित्रांतूनच ठाऊक असते. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत काठी, चेंडूऐवजी रबराची कठीण चकती, आणि प्रत्येक संघाचे सहा जण: एक गोलरक्षक, तीन आघाडीवीर, दोन बचावपटू. यांतला बचावपटू बहुतेक वेळ पाठमोरा घसरत, तोंड शत्रूकडे ठेवून मागे मागे जात असतो, आणि चकती घेऊन येणाऱ्याच्या अंगावर खांद्याने आघात करून त्याला चकतीपासून तोडणे हे तिथे न्याय्य मानले जाते. एका वेळी तो पाऊण मिनिटाच्या आसपास बर्फावर राहतो, मग बाकावर येतो, दम घेतो आणि पुन्हा उतरतो. आपल्या चढाईच्या ३० सेकंदांची आठवण व्हावी असेच हे परिमाण आहे. मात्र एक भेद मूलगामी आहे. त्यांच्याकडे आघात करायला मुभा आहे, पण प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले तर दोन मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षा. आपल्याकडे धरून ठेवणे हाच धर्म, आणि दुखापत होईल असा हिंसक आघात, श्वास कोंडणे, पायांची कात्री घालणे हे अपराध.

त्या खेळातल्या शरीरबळाच्या बचावपटूंचे चरित्र पाहायचे तर स्कॉट स्टीव्हन्सचे पाहावे. १९६४ साली जन्मलेल्या या कॅनडियन खेळाडूने तिथल्या राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये नियमित मोसमांतले १६३५ सामने खेळले, न्यू जर्सी डेव्हिल्सचे नायकपद बारा वर्षे भूषविले आणि १९९५, २००० व २००३ या तीन वर्षी स्टॅन्ली चषक जिंकला. २६ मे २००० रोजी फिलाडेल्फियाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, मान खाली घालून मध्यभागातून येणाऱ्या एरिक लिंड्रोस या बलाढ्य खेळाडूला त्याने खांद्याने असा आघात केला, की लिंड्रोस बर्फावर निपचित पडला. पंचांनी शिक्षा दिली नाही, कारण त्या वेळच्या नियमांत तो आघात बसत होता. त्या वर्षी बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून स्टीव्हन्सचीच निवड झाली. पुढे २००४ मध्ये मेंदूला बसलेल्या धक्क्याच्या त्रासाने स्टीव्हन्सचाही खेळ थांबला, आणि २०१० साली बाजूने येऊन डोक्याला लक्ष्य करणाऱ्या आघातांवर लीगने बंदी घातली. ज्या देहाने इतरांना अडवले त्या देहानेच अखेरीस हिशेब मागितला. या कथेत कोणाला खलनायक ठरवावे असे मला वाटत नाही. पण नियम बदलायला दशकभर लागले, याची खंत वाटते.

कबड्डीला व्यावसायिक रूप आले ते २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने. तोवर या खेळाची वाटचाल मोठी असली तरी मंद होती: १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी हयात वेचून संघटना बांधली, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकाचे स्थान मिळाले. मराठी राखणाऱ्यांपैकी दोन नावे मी येथे मुद्दाम घेतो. पहिले विशाल माने यांचे. मुंबईचा हा मध्यरक्षक यू मुम्बाच्या बचावफळीचा आधारस्तंभ होता, आणि २०१५ साली अनुपकुमारच्या नेतृत्वाखाली मुंबईने अजिंक्यपद मिळवले तेव्हा तो त्या संघात होता. दुसरे कल्याणच्या गिरीश इर्नाक यांचे. डाव्या कोपऱ्यात उभा राहून घोट्याची पकड करणारा हा खेळाडू २०१७ पासून तीन मोसम पुणेरी पलटणीकडे राहिला, २०१८ च्या मोसमात तिचा कर्णधार झाला, आणि पुढे गुजरात व मुंबईकडून खेळला. त्याच २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांसाठी निवडलेल्या भारतीय संघात तो आणि रिशांक देवाडिगा ही महाराष्ट्राची दोन्ही मंडळी होती.

जकार्ताचा तो प्रसंग राखणाऱ्याच्या महत्त्वाचा कायमचा दाखला आहे. १९९० पासून एकदाही सुवर्णपदक न सोडलेला भारत उपांत्य सामन्यात इराणकडून १८-२७ असा हरला. आपल्या चढाईपटूंची नावे घराघरांत ठाऊक होती. इराणचे खरे बळ मात्र पकडीत होते. कुस्तीची दीर्घ परंपरा असलेल्या त्या देशातून आलेला फजल अत्राचली हा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू त्याच वर्षी झालेल्या लिलावात एक कोटीची रेषा गाठणारा लीगमधला पहिलाच ठरला होता. चढाईपटूंच्या वर्चस्वाच्या खेळात हा मान प्रथम एका राखणाऱ्याकडे गेला, याचा मला आनंद आहे. तरीही गुणांच्या वहीत दोघांचा जमाखर्च कधी जुळत नाही. प्रदीप नरवालच्या नावावर चढाईचे १६०० हून अधिक गुण जमा झाले, आणि पकडीत सर्वांच्या पुढे असलेल्या अत्राचलीचे ५०० च्या पुढे. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कारण उघड आहे. चढाई पदोपदी होते आणि यशस्वी चढाईत एका वेळी दोन-तीन गुणही मिळतात. पकड मात्र क्वचित साधते, आणि तिचा गुण वहीत एकाच्याच नावावर पडतो, कंबर धरणारा दुसरा आणि वाट अडवणारा तिसरा नोंदीबाहेरच राहतात. शिवाय जो राखणारा नुसत्या उभे राहण्याने चढाईपटूला रिकामा परत धाडतो, त्याची नोंद करायला वहीत रकानाच नाही.

म्हणूनच दोन अंतिम सामने शेजारी ठेवून पाहावेत. २०१७ साली पाटण्याने गुजरातला हरवले तो सामना ५५-३८ असा संपला. ती चढाईची दिवाळी होती. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणीने हरियाणाला नमवून आपले पहिले अजिंक्यपद मिळवले, तेव्हा गुणफलकावर आकडे होते २८ आणि २५. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. एका कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, दुसऱ्यात गौरव खत्री, मधोमध संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. त्या चौघांनी विणलेल्या भिंतीवर येऊन चढाया परतत होत्या. पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत तो सामना पाहिला गेला, आणि मला आशा आहे की त्या रात्री एखाद्या तरी मुलाने मनाशी ठरवले असेल की आपल्याला कोपऱ्यात उभे राहायचे आहे.

अशा मुलापुढे वाट कोणती आहे, हे मात्र डोळसपणे सांगितले पाहिजे. लीगचा मोसम वर्षातून थोड्याच महिन्यांचा; त्यात जागा मिळणारे मोजके; आणि तिथवर पोचण्यापूर्वी जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय निवडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मराठी कबड्डीपटूचा खरा आश्रय आजवर नोकरीच राहिला आहे. पोलीस, रेल्वे, बँका, मुंबईतल्या मोठ्या कंपन्या यांनी संघ उभे केले आणि खेळाडूंना हुद्दे दिले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. दौंड तालुक्यातल्या मुलांना हे फार जवळचे वाटते, कारण दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, क्रमांक ५ आणि क्रमांक ७, आणि तालुक्याचे ठाणेच रेल्वेचे मोठे जंक्शन. पहाटे कालव्याच्या कडेने धावणारी मुले भरतीसाठी धावतात की खेळासाठी, हे त्यांना विचारले तर दोन्हींत त्यांना भेद दिसत नाही. आणि तो नसावा, असेच मलाही वाटते. कुरकुंभ किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम करून सायंकाळी मैदान गाठणाऱ्या मुलाच्या अंगी जी चिकाटी येते, ती कोपऱ्यात उभे राहणाऱ्याला फार उपयोगी पडते.

देहाची किंमत मात्र लपवता येत नाही. घोट्यावर झेप घेणाऱ्याचे कपाळ आणि भुवई चढाईपटूच्या गुडघ्याच्या वाटेत येते. बोटे इतक्या वेळा मुरगळतात, की पट्टी बांधल्याशिवाय साखळी धरणे जड जाते. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याचा पाय घसरत असे. मॅटवर बुटाचा तळवा चिकटून राहतो, वरचा देह वळतो, आणि हा पीळ गुडघा सोसतो. खेळाडू ज्याला नुसते 'एसीएल' म्हणतात तो गुडघ्यातला बंध तुटला, की शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदान दिसायला किमान सहा ते नऊ महिने लागतात, आणि खेड्यातल्या कुटुंबाला हे महिने कमाईशिवाय काढायचे असतात. स्टीव्हन्सच्या खेळाने डोक्याच्या आघाताविषयी जे उशिरा शिकले, ते आपण लवकर शिकावे असे मला तळमळीने वाटते. गावोगावच्या स्पर्धांत इनामाच्या रकमा आणि चषकांची उंची दरसाल वाढते आहे. त्याच खर्चात मैदानाशेजारी एक जाणता वैद्य, बर्फाची एक पेटी आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा न उतरवण्याचा एक कडक हुकूम, एवढ्या तीन गोष्टी सहज बसतील. मुलाने 'मला काही झाले नाही' असे म्हटले तरी त्याचे ऐकू नये. राखणारा नेहमी तसेच म्हणतो, त्याचा स्वभावच तसा घडलेला असतो.

काही दिवसांपूर्वी, दिवस मावळताना, याच बाजूच्या एका शाळेच्या पटांगणावर थोडा वेळ थांबलो होतो. मोठी मुले चढायांचा सराव करीत होती आणि त्यांच्याभोवती कोंडाळे जमले होते. पलीकडे, बाभळीच्या बाजूला, एक काटकुळा मुलगा आणि त्याचा सोबती दोघेच होते. सोबती मातीत ओढलेल्या रेषेपलीकडे पाऊल टेकवी, आणि हा मुलगा वाकून त्याच्या घोट्यावर झेप घेई; सुटला की पुन्हा उठे, अंगाची माती झटके, जागेवर जाऊन मांडीवर हात ठेवून उभा राही. सोबती दर वेळी पाऊल थोडे निराळे टाकी. सातव्या-आठव्या खेपेला घोटा हाती आला, दोघेही मातीत कोसळले, आणि खाली पडलेल्या सोबत्याने पाय न सोडवता त्याला विचारले, "आता कशाकडं बघत होतास?" तो म्हणाला, "कंबरंकडं." मग दोघे उठले, पुसट झालेली रेषा पायाच्या अंगठ्याने पुन्हा ओढली आणि जागा बदलून उभे राहिले.